४०७ चा पंखा: विजेचा, पट्ट्याचा की व्हिस्कसचा? (प्रकल्प नोंदी)

१८ फेब्रुवारी

गाडी दाखल. टाटाचा छोटा ट्रक, जुनी ४०७, टर्बो नसलेलं ४९७ इंजिन, २,९५६ सीसी, १२ व्होल्टची वायरिंग. धंदा कोल्हापूर–रत्नागिरी. जाताना गूळ, किराणा, भाजी. येताना हंगामात आंबा, एरवी जांभा चिरा नाहीतर मिळेल ते भाडं. पंखा वॉटर बॉडीच्या (पाण्याच्या पंपाच्या), पट्ट्यावर फिरणाऱ्या पुलीवर थेट बोल्टने बसवलेला. इंजिन फिरलं की तो फिरणारच, मग पहाटेचे पाच असोत की जानेवारीतली थंडी असो.

मालकांनी कुठूनतरी ऐकून आणलंय: "इलेक्ट्रिक पंखा टाकला की अॅव्हरेज दोन किलोमीटरनं वाढतंय, आणि गाडी नुसती पळतीया." मी म्हटलं, टाकू, पण आधी मोजायचं, मग टाकायचं, मग परत मोजायचं. तोवर जुना पंखा भंगारात जाणार नाही. मालक हसले. "दादा, तुम्ही मोजत बसा, डिझेल माझं जातंय." एवढं बोलून त्यांनी चावी ठेवली.

२० फेब्रुवारी

आज गाडीला हात नाही, नुसती आकडेमोड.

पंखा किती ताकद खातो? या मापाच्या थेट पंख्याला २,८०० आरपीएमला २ किलोवॉट धरले, म्हणजे पावणेतीन अश्वशक्ती. पंख्याचा नियम असा की वेग जेवढ्या पटीत घटतो, ताकद त्याच्या घनाने घटते. २,००० आरपीएमला ७३० वॉट, १,६०० ला ३७५, आणि आयडलला, म्हणजे उभ्या गाडीत ७०० आरपीएमला, जेमतेम ३० वॉट. महामार्गावर निवांत चालणाऱ्या गाडीचा पंखा फार काही खात नाही. तो खातो ते इंजिन ओरडत असताना.

आता डिझेल. लिटरमागे साधारण १० किलोवॉट-तास उष्णता, त्यातलं इंजिन पट्ट्यापर्यंत पोचवतं एक तृतीयांशाच्या आसपास. म्हणजे पट्ट्यावरून एक किलोवॉट तासभर घेतला तर पाव लिटरहून थोडं जास्त डिझेल. ७३० वॉटचे तासाला ०.२ लिटर. गाडी ५० च्या वेगाने, लिटरला १० किलोमीटरने चालली तर तासाला ५ लिटर जळतं. त्यातले ०.२ म्हणजे चार टक्के. पंखाच उपटून फेकला तरी सपाटीला यापेक्षा जास्त वाचणार नाही.

मालकांचे 'दोन किलोमीटर' यात बसतच नाहीत. साडेनऊचे साडेअकरा व्हायचे तर सतरा टक्के डिझेल वाचायला हवं. त्यासाठी पंख्याने सतत तीन किलोवॉट खायला हवेत, आणि ते सपाट रस्त्यावर, निवांत वेगाला. हे होत नाही.

विजेच्या पंख्याचाही हिशोब मांडला. वीज फुकट नाही. तीही त्याच पट्ट्यावरून, अल्टरनेटरमार्गे येते. अल्टरनेटर शंभर वॉट घेऊन पंचावन्न-साठच देतो. पंख्यांनी ३५० वॉट ओढले तर इंजिनवर बोजा पडतो सहाशेच्या वर. म्हणजे विजेचा पंखा सतत चालू राहिला तर पट्ट्याच्या पंख्याच्या जवळपासच जातो. फायदा जो काही आहे तो पंखा बंद असण्यात आहे. किती वेळ बंद राहतो, एवढाच प्रश्न.

२५ फेब्रुवारी

मोजायची सोय केली. पंपावर टाकी फुल करून मोजण्यात आमच्या कामाचा फरक बुडून जातो: गाडी थोडी तिरकी उभी राहिली, फेस आला, नोझल लवकर कटला की झाले दोन-तीन टक्के इकडचे तिकडे. म्हणून क्लीनर साइडला पत्र्याचा वेगळा कॅन बांधला. फीड पंपाची लाइन त्यातून, आणि पंप-नोझलची रिटर्न लाइनही त्यातच. रिटर्न मुख्य टाकीत सोडली तर न जळलेलं डिझेलही जळाल्यासारखं दिसतं. एका ओळखीच्या गॅरेजात असंच मोजून गाडीचं अॅव्हरेज सात काढलं होतं, आणि नवा पंप विकला होता.

कॅन लिटरात मोजायचा नाही, काट्यावर किलोत मोजायचा. रिटर्नचं डिझेल गरम होऊन येतं, आणि वीस अंश तापलेलं डिझेल दीड टक्क्याहून जास्त फुगतं. आपण शोधतोय तीन-चार टक्के.

अमेरिकेत ट्रकच्या इंधनचाचणीची एसएई जे१३२१ नावाची पद्धत आहे. तिच्यातलं मुख्य तत्त्व उचललं: बदल केलेल्या गाडीबरोबर बदल न केलेली, तशीच दुसरी गाडी त्याच वेळी, त्याच रस्त्यावर पळवायची आणि दोन्हींच्या इंधनाचं गुणोत्तर बघायचं. वारा, ऊन, ट्रॅफिक दोघींनाही सारखंच. मालकांची दुसरी ४०७ त्यासाठी मिळाली. रस्ता: शिरोलीच्या पुढून कागलकडे, कोगनोळी टोलनाक्याच्या अलीकडून परत. वेग ५० धरून.

गुणोत्तर फेरीगणिक एक टक्क्याच्या आत हलतंय. तेव्हा आजच ठरवून ठेवलं: एक टक्क्याहून कमी फरक दिसला तर तो फरक धरायचा नाही.

३ मार्च

पैसे घालण्याआधी जास्तीत जास्त किती वाचू शकतं ते बघितलं. पहाटे नुसती पाती काढली. पट्टा, वॉटर बॉडी सगळं जागेवर, पंखा मात्र नाही. रिकामी गाडी, थंड हवा.

सपाटीला काटा ८४ ते ८६ अंशांवर बसून राहिला. थर्मोस्टॅट (पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) ८२ चा आहे, म्हणजे पंख्याला तिथे कामच नव्हतं; समोरून येणारी हवा पुरत होती. डिझेल पावणेचार टक्के कमी. कागदावरच्या चाराला धरून आहे, हे बघून बरं वाटलं.

परतताना एका बंद पडलेल्या ट्रॉलीमागे थांबायला लागलं आणि तापमान चढायला लागलं, तेव्हा इंजिन बंद करून बसलो. (हा काटा वेगळा बसवलेला डिजिटल आहे, सेन्सर थर्मोस्टॅटच्या खाली, हेडजवळ. डॅशबोर्डवरचा काटा ८० पासून १०० पर्यंत मधेच उभा असतो आणि मग एकदम लाल दाखवतो. त्याच्या भरवशावर चाचणी होत नाही.)

१० मार्च

पंखे आणले: १२ इंची दोन, मागून ओढणारे. बरोबर जाळीत ओवायच्या प्लॅस्टिकच्या काड्या आल्यात, त्या फेकल्या. धक्क्याधक्क्याने त्या काड्या रेडिएटरच्या नळ्या घासतात, आणि चिऱ्याची गाडी खाणीतल्या रस्त्याने जाते.

रेडिएटरची जाळी चौकोनी, पंखे गोल. दोन्ही पंख्यांची वर्तुळं मिळून जाळीचा दोन तृतीयांशही भाग झाकला जात नाही. जाळीला चिकटवून बसवले तर कोपऱ्यांतली हवा हलत नाही, म्हणून पूर्ण जाळी कवेत घेणारा काऊल उद्यमनगरात पत्र्याचा वाकवून घेतला, जाळीपासून दोन बोटं मागे. पंखे बंद असताना वेगाची हवा पत्र्याला अडू नये म्हणून खाली रबरी झडपा लावल्या. त्या वाऱ्याने उघडतात, पंख्याच्या ओढीने मिटतात. चार बोल्ट रेडिएटरच्या चौकटीला, जाळीवर वजन शून्य.

वायर हा खरा घोळ. किटमध्ये आलेली अडीच स्क्वेअर मिलिमीटरची. दोन्ही पंखे मिळून २६ अँपिअर ओढतात. बॅटरीवर १३.६ व्होल्ट, मोटरच्या पायाशी १२.३. सव्वा व्होल्ट वाटेतच गरम होऊन गेला. सहा स्क्वेअरची वायर ओढली, लग दाबून सोल्डर केले, अर्थिंग चॅसीच्या गंजक्या बोल्टवर न देता थेट बॅटरीवर नेलं: मोटरवर १३.१. पंख्याचा आवाजच बदलला. दुकानात कुणी 'इलेक्ट्रिक पंखा हवा देत नाही' म्हणत आला तर आधी मोटरवर मीटर लावावा.

दोन रिले, दोन फ्यूज. पहिला पंखा ९२ ला चालू आणि ८७ ला बंद, दुसरा ९६ ला. दोन्ही एकदम उठवले तर सुरुवातीचा झटका मोठा बसतो आणि हेडलाइट मिचकतात.

१२ मार्च

अल्टरनेटर. आयडलला तो आपल्या मापाच्या निम्माही देत नाही. रात्र, पाऊस, ट्रॅफिक: हेडलाइटचे दहा अँपिअर, वायपर, टेललाइट, त्यात पंख्यांचे २६. बॅटरीतून जायला लागतं. मोठा अल्टरनेटर घालायचा ठरला. मालकांच्या चेहऱ्यावरून खर्चाचा आकडा बरोबर कळला.

१७ मार्च

सपाटीची चाचणी, अर्ध्या भाराने. पंखे जवळजवळ पूर्ण वेळ बंदच. डिझेल तीन टक्के कमी. पंखा काढलेल्या दिवशीच्या पावणेचारच्या खाली, आणि तसंच असायला हवं.

ड्रायव्हरमामा खूश. "गाडी हलकी पळतीया, तिसऱ्यावर चढ घेतीया." म्हणून घड्याळ लावलं. तिसऱ्या गिअरमध्ये २० पासून ४५ पर्यंत, दोन्ही दिशांनी, एकदा जुन्या आणि एकदा विजेच्या पंख्यांवर. फरक आहे, पण स्टॉपवॉचवरच्या अंगठ्याच्या चुकीएवढा. सत्तर-पंचाहत्तर अश्वशक्तीच्या इंजिनमधून पावणेतीन सोडवली, तीही शेवटच्या आरपीएमलाच, तर ते पायाला कळणं कठीण. मामांना कळतोय तो आवाज. थेट पंख्याची घरघर केबिनमध्ये भरून असायची, ती गेली. आवाज कमी झाला की इंजिन मोकळं वाटतं. तोही फायदाच आहे, पण तो 'परफॉर्मन्स' म्हणून विकू नये.

आणखी एक समज दुकानात रोज ऐकतो: विजेच्या पंख्याने इंजिन सकाळी लवकर गरम होतं. थर्मोस्टॅट धड असेल तर नाही. तो ८२ पर्यंत बंदच असतो, पाणी रेडिएटरकडे जातच नाही. पंखा फिरला काय, न फिरला काय. तुमची गाडी सकाळी गरम होत नसेल तर थर्मोस्टॅट कुणीतरी काढून टाकलेला आहे, नाहीतर तो उघडाच अडकलाय.

२४ मार्च

शहरात, तावडे हॉटेल ते दसरा चौक, भर गर्दीत. इथे विजेचा पंखा थेट पंख्याला सरळ हरवतो. आयडलला थेट पंखा पाव वेगाने फिरतो, पाव हवा देतो; विजेच्याला इंजिनच्या वेगाशी देणंघेणं नाही. काटा ९३ च्या वर गेला नाही. जुना पंखा याच रस्त्यावर ९७ दाखवायचा. मालकांनी विचारलं, "मग जमलं म्हणायचं?" मी म्हटलं, चिरा भरून आंबा घाट चढू दे.

७ एप्रिल

घाटाखालच्या साखरप्याहून दुपारी निघालो, अडीच टनाच्या आसपास चिरा. मामा चालवायला, मी काट्यासमोर.

पायथ्याला ८८. पहिल्या वळणांनंतर पहिला पंखा उठला, पाठोपाठ दुसरा, आणि मग दोन्ही बंदच होईनात. दुसरा गिअर, २,५०० आरपीएम, वेग १५–१८. ९८ वर थोडा वेळ थांबल्यासारखं वाटलं. मग ९९, १००, १०१. मामा काट्याकडे न बघता म्हणाले, "वास बदलला." हीटर पूर्ण उघडून त्याचा ब्लोअर लावला, केबिनमध्ये भट्टी. १०४ ला गाडी रुंद जागेत घेतली. इंजिन बंद केलं नाही, आयडलवर पंखे चालू ठेवले, तसं तापमान हळूहळू उतरलं. पाणी उकळलं नाही, रेडिएटरची कॅप ०.९ बारची आहे, त्या दाबाला पाणी ११८ च्या आसपास उकळतं. पण हेड गॅस्केटला हे रोज झेपणारं नाही.

मागून एक तशीच जुनी ४०७, तसाच चिरा, थेट पंख्याची घरघर करत आम्हाला ओलांडून गेली. मामांनी हात केला.

एक गोष्ट उभं असताना लक्षात आली. वारा पाठीमागून होता. उन्हाळ्यात दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो, आणि आपण कोकणातून वर चढतो तेव्हा तोंड पूर्वेला. गाडी १५ ने चालते, वारा मागून तेवढाच, म्हणजे रेडिएटरला समोरून हवा जवळपास नाहीच. उतरताना हाच वारा तोंडावर असतो, जेव्हा त्याची गरज नसते.

८ एप्रिल

कालचं गणित. इंजिन घाटात ५० किलोवॉट देत असेल तर पाण्यात साधारण ३५ किलोवॉट उष्णता जाते. रेडिएटरमधून जाताना हवा ३५ अंश तापली असं धरलं तर सेकंदाला जवळपास एक घनमीटर हवा हवी. पंख्यांच्या बॉक्सवरचा सीएफएम (मिनिटाला किती घनफूट हवा तो आकडा) जोडला तर दीड घनमीटर दिसतो, पण तो मोकळ्या हवेतला आकडा. जाळी समोर आली की त्यातला निम्मा उरला तरी नशीब.

दुसऱ्या बाजूने बघितलं तरी तेच. २,५०० आरपीएमला थेट पंख्याच्या पात्यांवर १,४०० वॉट असतात. विजेचे ३५०, मोटरचं नुकसान वजा जाता पात्यांवर २३० च्या आसपास. सहावा हिस्सा. हवा मात्र सहापट कमी होत नाही, त्या घनाच्या नियमाने ती निम्म्याहून थोडी जास्त भरते. पण आम्हाला पूर्ण लागते.

थेट पंखा जिथे उगाच फिरतो तिथे विजेचा वाचवतो, आणि थेट पंखा जिथे पोट भरून काम करतो तिथे विजेचा कमी पडतो. लोडच्या गाडीला पंखा मुळात दिलाय तो दुसऱ्या कामासाठी.

मोठ्या ट्रेलरचं गणित तर बसतच नाही. त्यांच्या पंख्याला पूर्ण जोरात वीस-तीस किलोवॉट लागतात. २४ व्होल्टवर २५ किलोवॉट म्हणजे हजार अँपिअरच्या वर, आणि अल्टरनेटर शंभर-दीडशेचा. म्हणून तिथे हवेच्या दाबावरचा किंवा व्हिस्कस क्लच असतो: पंखा पट्ट्यावरचाच, पण गरज असेल तेव्हाच जोडलेला. परदेशात शहर बसना विजेच्या छोट्या पंख्यांची रांग लावतात ते चालतं, कारण बसचं आयुष्य थांबे आणि सिग्नल यांत जातं आणि अल्टरनेटर दांडगा असतो.

२१ एप्रिल

मालकांना पर्याय सांगितला: व्हिस्कस हब. आत सिलिकॉनचं घट्ट तेल, समोर दुहेरी धातूची गुंडाळी. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की गुंडाळी झडप उघडते, तेल चकत्यांमधल्या फटीत येतं आणि पंखा पुलीबरोबर ओढला जातो. गार असेल तेव्हा पंखा घसरत, पाव वेगाने फिरतो. त्या वेळी पट्ट्यावरचा बोजा थेट पंख्याच्या सोळाव्या हिश्श्याएवढा, म्हणजे ७३० वॉटच्या जागी पंचेचाळीस-पन्नास. त्यात ना वायर, ना रिले, ना मोठा अल्टरनेटर.

"मग आधीच का नाही सांगितलंसा?" मालक. कारण तुम्ही विजेचा मागितला होता, आणि ९३ अंशांचा तो दसरा चौक मलाही बघायचा होता.

हब दुसऱ्या मॉडेलचा. पुलीवर बसवायला मधली चकती लेथवर करून घेतली. रनआउट (फिरताना हब किती डोलतो ते) डायलवर तपासला, कारण तिरका बसलेला जड हब वॉटर बॉडीचं बेअरिंग खातो. काऊलचा पत्रा कापून गोल तोंड केलं, पाती निम्मी आत, निम्मी बाहेर.

५ मे

तोच घाट, तीच दुपार, आंब्याच्या पेट्या. पेट्या चिऱ्याएवढ्या जड नाहीत, म्हणून पुढच्या फेरीला मुद्दाम चिरा मागवला. ९५ च्या पुढे हब पकडतो. ऐकूच येतं, घाटात मध्येच घरघर सुरू होते. ९९ ला टेकला आणि तिथेच राहिला. घाटमाथ्यावर आंबा गावाला पोचल्यावर दोन-तीन किलोमीटरांत ८६ आणि घरघर बंद.

सपाटीचं गुणोत्तर: अडीच टक्के बचत. विजेच्या पंख्याची तीन होती. फरक अर्धा टक्का, आणि एक टक्क्याखालचा फरक धरायचा नाही हे फेब्रुवारीतच ठरलंय. तेव्हा दोन्ही सारखे.

शहरात मात्र व्हिस्कस थोडा मागे. गर्दीत ९६.

१२ मे

पैशांचा हिशोब मालकांसमोर मांडला. महिन्याला ४,००० किलोमीटर, साडेनऊचं अॅव्हरेज, ४२० लिटर. अडीच-तीन टक्के म्हणजे दहा-बारा लिटर, नव्वदच्या भावाने हजारभर रुपये. घाटातल्या किलोमीटरांवर बचत नाही, तेव्हा आठशे धरा. विजेचा पूर्ण थाट, मोठ्या अल्टरनेटरसकट, वसूल व्हायला वर्षाच्या वर. व्हिस्कसचा खर्च त्याच्या निम्म्याहून कमी. आणि हेड गॅस्केट एकदा जरी गेलं तर दोन-तीन वर्षांची बचत एका दिवसात गेली.

मालक म्हणाले, "हवा बरोबर ठेवली तरी एवढं वाचतंय." खरं आहे. टायरमधली हवा, तुंबलेला एअर फिल्टर आणि मामांचा उजवा पाय, या तिन्हींचा नंबर पंख्याच्या आधी लागतो.

विजेचे पंखे वाया जाणार नाहीत. मालकांची दुसरी ४०७ आता मार्केट यार्ड ते गावातली दुकानं एवढीच फिरते, दिवसभर गर्दीत आणि आयडलवर. काऊल नवा वाकवून ते तिला लावायचे. मोठा अल्टरनेटरही तिकडेच जाईल.

राहिलेली कामं: हबवर तेलाची ओल दिसते का ते दर सर्व्हिसला बघायचं. बंद इंजिनला, गरम असताना, पाती हाताने फिरवून अडसर लागतो का तपासायचं. मोकळी फिरली तर तेल गेलं. दुसऱ्या गाडीचे रिले बॉनेटखाली वर, फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला) घ्यायचे, पावसाआधी.